मोठा पडदा आला, तरी वर्ग गप्प का?

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तालुक्याच्या गावातलं पॉलिटेक्निक, पहिल्या वर्षाचा वर्ग, ७२ मुलं. बहुतेकांची दहावी मराठी माध्यमातून झालेली आणि फिजिक्सचं पुस्तक इंग्रजीत. यंदा वर्गात मोठं इंटरॅक्टिव्ह पॅनेल बसलं. तुम्ही रात्री जागून पीपीटी केल्या, व्हिडिओ गोळा केले, मोबाइलवर क्विझ घेतली. चार-पाच दिवस मुलं हरखली आणि मग परत तेच. पुढच्या बाकावरचे तिघं-चौघं उत्तरं देतात, बाकीचे ‘समजलं का?’ म्हटलं की ‘हो मॅडम’ म्हणतात. वर प्राचार्य येता-जाता विचारतात, पॅनेल वापरताय ना? म्हणून तुम्ही विचारलंय की मुलांचा सहभाग वाढवायला कोणतं ॲप घ्यावं.

ॲपचं बोलणं पुढं येईलच. पण मला वाटतं तुमची अडचण वेगळ्या जागी आहे. पॅनेल आल्यापासून मुलांना दाखवायची तुमची सोय दहापट वाढली. मुलांच्या डोक्यात त्या क्षणी काय चाललंय ते तुम्हाला दिसायची सोय मात्र खडू-फळ्याच्या दिवसांत होती तेवढीच राहिली. सगळा माल तुमच्याकडून त्यांच्याकडे जातोय, उलट्या दिशेनं फक्त ‘हो मॅडम’ येतंय. माझ्या २३ वर्षांच्या शिकवण्यातून मला एवढंच कळलंय की तासाभरात प्रत्येक मुलाला दोन-तीनदा तरी स्वतःचं उत्तर ठरवून ते उघड करावं लागलं, तर वर्ग जागा होतो. बाक, पॅनेल, मोबाइल, कार्डं यांतलं जे या कामी येईल ते घ्यायचं, बाकीचं भिंतीवर शोभेला राहू दे.

आता परिस्थितीचं आधी बोलून घेऊ, कारण सगळं तुमच्या हातात नाही. तुम्ही कायम आहात की सीएचबीवर, म्हणजे तासागणिक मानधनावर, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तासिका तत्त्वावरच्या माणसाला बाक हलवायचे म्हटले तरी चार ठिकाणी विचारावं लागतं, आणि प्रयोग फसला तर पुढच्या सत्राची धाकधूक. मी कायम होतो, त्यामुळे माझे बरेच प्रयोग फसूनही मला कुणी काही केलं नाही. ही मोकळीक नसेल तर छोटं करा, पण करा. दुसरं, तुमच्याकडे मोबाइलला वर्गात परवानगी आहे का, नेट चालतं का, दुपारी वीज असते का, यावर निम्मी साधनं बाद होतात. तिसरं, मुलं कुठून येतात. साडेचारच्या एसटीवर ज्यांचं घर अवलंबून आहे त्यांना चार वाजता कितीही रंगतदार प्रश्न विचारा, डोळे घड्याळावरच असणार. तो तास मी सोडून दिलाय. त्यात उजळणी घेतो.

माझी स्वतःची फजिती सांगतो म्हणजे तुम्हाला एकटं वाटायचं नाही. आमच्याकडे प्रोजेक्टर आला तेव्हा मीही असाच भारावलो होतो. कॅपॅसिटरचं ॲनिमेशन मिळालं होतं, धन आणि ऋण प्रभार प्लेटांवर गोळा होताना दिसायचे. जेवणानंतरचा तास, पडदे ओढलेले, दिवे घालवलेले. वीस मिनिटांनी मागून घोरण्याचा आवाज आला आणि सगळा वर्ग हसला. तास संपल्यावर एकानं येऊन ‘सर, लय भारी होतं’ असं सांगितलं म्हणून मी खूश. महिन्यानं युनिट टेस्टचे पेपर तपासले. कॅपॅसिटरच्या प्रश्नाला तीच उत्तरं, जी आदल्या वर्षीच्या मुलांनी ॲनिमेशन न बघता लिहिली होती. मुलांना ते आवडलं होतं, त्यांच्या डोक्यात काही हललं नव्हतं. आवडणं आणि गुंतणं यात आपली गल्लत होते ती इथंच.

यातून बाहेर पडायला मला हार्वर्डच्या एरिक मझूर यांच्या अनुभवानं मदत केली. तेही फिजिक्सच शिकवायचे, मुलं अवघड गणितं सोडवायची, यांना वाटायचं आपण उत्तम शिकवतो. मग त्यांनी बल आणि गती यांवरची अगदी साध्या भाषेतली चाचणी दिली. एका मुलीनं विचारलं की ही उत्तरं तुम्ही शिकवलंय तसं लिहू, की एरवी मला वाटतं तसं? हा प्रश्न ऐकून कुठलाही मास्तर हादरेल. १९९१पासून मझूर यांनी पद्धत बदलली. थोडं शिकवायचं, एक संकल्पनेचा प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं एकट्यानं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, परत उत्तर द्यायचं. हार्वर्ड आणि आपलं पॉलिटेक्निक यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे हे मला मान्य आहे. पण ‘एरवी मला वाटतं तसं’ हे आपल्या मुलांच्याही डोक्यात असतंच, आणि परीक्षा संपली की तेच उरतं.

आता एक प्रश्न जवळून बघू. धारा विद्युत (करंट इलेक्ट्रिसिटी) शिकवताना मी दर वर्षी हाच घेतो. फळ्यावर लिहितो: १०० वॅटचा आणि ४० वॅटचा असे दोन साधे पिवळे बल्ब सीरिजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडून २३० व्होल्टला लावले. कोणता जास्त उजळेल? अ म्हणजे १०० वॅटचा, ब म्हणजे ४० वॅटचा, क म्हणजे दोन्ही सारखे, ड म्हणजे करंट ज्याच्यातून आधी जाईल तो. हे चारही पर्याय मुलांच्याच तोंडून गोळा केलेले आहेत. ‘ड’ तुम्हाला वेडगळ वाटेल, पण करंट पहिल्या बल्बात थोडा ‘खर्च’ होतो आणि उरलेला पुढं जातो, असं मानणारी मुलं दर वर्षी सापडतात. तो पर्याय नसता तर ती मला कधीच सापडली नसती.

मग दीड मिनिट पूर्ण शांतता. बोलायचं नाही, वहीत अक्षर लिहायचं आणि त्यापुढं एका ओळीत कारण. त्यानंतर ‘तीन, दोन, एक’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम आपल्या अक्षराचं रंगीत कार्ड छातीशी धरायचं. पहिल्या फेरीत ‘अ’चं पीक असतं. वीसेक जणांचं ‘ब’, थोडे ‘क’, दोन-चार ‘ड’. मी चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. बरोबर काय ते सांगत नाही, ‘हं, मजा आहे’ एवढंच म्हणतो आणि सांगतो, ज्याचं अक्षर वेगळं आहे असा माणूस शोधा आणि त्याला पटवा. तीन मिनिटं.

आता तुम्ही व्यासपीठावरून खाली उतरायचं आणि बाकांमधून चालत कान द्यायचे. गेल्या वर्षी ऐकलेलं थोडक्यात असं होतं:

“अरे, १०० वॅट म्हणजे जास्त पॉवर. जास्त पॉवर म्हणजे जास्त उजेड. विषय संपला.”

“ते त्याला पूर्ण २३० मिळालं तर. इथं दोघांत वाटून जाणार ना.”

“मग अर्धं-अर्धं.”

“अर्धं कसं? रेझिस्टन्स सारखा आहे का दोघांचा?”

“…१००वाल्याचा जास्त असेल.”

“मग घरी तो कमी करंट ओढेल की. जास्त करंट कोण ओढतो?”

इथं पहिला मुलगा थांबला. वहीत रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, काढायचं सूत्र खरडलं, व्ही स्क्वेअर अपॉन पी. ४० वॅटच्या बल्बाला १३२२ ओहम, १००च्याला ५२९. सीरिजमध्ये करंट दोघांतून तोच, मग जास्त उजळणार तो जास्त रेझिस्टन्सवाला. ‘आयला’ म्हणाला आणि माझ्याकडे बघून जीभ चावली. मी ऐकलंच नाही असं दाखवून पुढं गेलो. फळ्यावर हेच समीकरण मी आदल्या दिवशी स्वतः लिहिलं होतं, तेव्हा त्याच मुलानं ते सुंदर अक्षरात उतरवून घेतलं होतं.

दुसऱ्या फेरीत ‘ब’ची कार्डं बहुतेक वेळा निम्म्याच्या वर जातात. त्यानंतरच मी टेबलाखालून लाकडी बोर्ड काढतो, त्यावर दोन होल्डर बसवलेत. बटण दाबलं की ४०चा झगमगतो, १००च्या फिलामेंटला जेमतेम लाली येते, कधी तीही नाही. वर्गातून जो आवाज निघतो ना, तो कुठल्याही व्हिडिओनं निघालेला मी ऐकला नाही. आणि त्याचं कारण बल्ब नाही. त्यांनी कार्ड दाखवून पैज लावलेली असते. हाच बोर्ड मी आधी, उत्तर न विचारता, कित्येक वर्षं दाखवत होतो. मुलं ‘हो सर’ म्हणायची.

प्रश्न कसा निवडायचा यात मात्र खरी मेहनत आहे, आणि पॅनेलवर घालवलेल्या तुमच्या रात्री मी इकडे वळवायला सांगेन. मझूर यांचा ठोकताळा असा की पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली तर चर्चेला अर्थ आहे. ७०च्या वर गेली तर प्रश्न सोपा, दोन वाक्यांत समजावून पुढं जायचं. ३०च्या खाली आली तर वाद घालायला बरोबर बाजूची माणसंच पुरेशी नाहीत, मग परत शिकवायचं. मी हे आकडे काटेकोर मोजत नाही, कार्डांच्या रंगावरून नजरेनं अंदाज घेतो. चांगला प्रश्न तो, ज्यात आकडेमोड जवळपास नाही आणि चुकीच्या उत्तरालाही एक शहाणं कारण आहे. ‘ओहमचा नियम सांगा’ यावर कुणी भांडत नाही. असे प्रश्न तुम्हाला जुन्या उत्तरपत्रिकांत मिळतील. जिथं निम्मा वर्ग एकाच पद्धतीनं चुकलाय, तिथं एक प्रश्न पुरलेला आहे असं समजा.

गप्पपणाचं दुसरं कारण आपण स्वतः असतो. अमेरिकेत मेरी बड रो या संशोधिकेनं शिक्षकांचे तास रेकॉर्ड करून मोजलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते. मग स्वतःच उत्तर देत किंवा दुसऱ्याला उठवत. तीन सेकंद थांबायला शिकवलं तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागली. तीन सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटलं होतं. उभं राहून बघा. ७२ जोड्या डोळे तुमच्याकडे बघतायत आणि पंख्याचा आवाज येतोय, ते तीन सेकंद पंढरपूरच्या दर्शनबारीएवढे वाटतात. मी मनात सावकाश तीनदा ‘विठ्ठल’ म्हणतो, मगच तोंड उघडतो. आपल्या मुलांच्या बाबतीत तर आणखी थांबायला हवं. त्यांना इंग्रजी प्रश्न आधी मराठीत वळवायचा असतो, मग उत्तर शोधायचं असतं, मग ते परत इंग्रजीत आणायचं असतं. एका सेकंदात हे करणारी तीच तिघं-चौघं तुमच्या पुढच्या बाकावर बसलेली आहेत.

भाषेचा निर्णय पहिल्याच दिवशी जाहीर करून टाका. चर्चा मराठीत, कुणाच्या घरी अहिराणी किंवा झाडीबोली असेल तर त्यात, उर्दू-हिंदीतही. वहीत शेवटी लिहायच्या ओळीत मात्र रेझिस्टन्स, पोटेन्शियल डिफरन्स हे शब्द इंग्रजीत आले पाहिजेत, कारण पेपरात तेच लागतात. माझ्या वर्गात मुलींच्या बाकांवरून आवाज येऊ लागला तो या एका सूचनेनंतर. त्या इतके दिवस चुकीच्या इंग्रजीला भीत होत्या, फिजिक्सला नाही.

आता बसण्याच्या जागेचं. शिक्षकाच्या समोरचा मधला पट्टा आणि पुढच्या रांगा, इथूनच बहुतेक उत्तरं येतात, हे निरीक्षण फार जुनं आहे आणि तुमच्याही वर्गात ताडून बघता येईल. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात रॉबर्ट बाइक्नर यांनी यावर इलाज म्हणून वर्गच मोडून नवा मांडला. नऊ-नऊ जणांची गोल टेबलं, भोवती भिंतींवर फळे आणि शिक्षक मधून फिरतोय. आपल्याकडे बाक जमिनीला ठोकलेले असतात आणि नवीन फर्निचरची फाइल संस्थेत दोन वर्षं फिरते, त्यामुळे गोल टेबलांचा नाद सोडा. त्यातून उचलायचं ते एकच, की शिक्षकाला प्रत्येक मुलापर्यंत चालत जाता आलं पाहिजे आणि मुलाला दुसऱ्या मुलाचा चेहरा दिसला पाहिजे.

ठोकलेल्या बाकांवर हे असं जमतं. पहिली, तिसरी, पाचवी रांग चर्चेच्या वेळी मागं वळते. बाकावर तिघं असतील तर सहा जणांचं टोळकं होतं, ते मोठं पडतं. म्हणून मी वळल्यावर त्याचे तिघा-तिघांचे दोन तुकडे करतो. मधली वाट दप्तरांनी भरलेली असते, ती दप्तरं खिडकीखाली ठेवायला लावा. ही मला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सुधारणा वाटते. वाट मोकळी झाल्यावर मी शेवटच्या बाकापर्यंत जाऊ लागलो आणि तिथं फिजिक्सच्या वहीत रमीचा हिशोब चालतो हे मला सोळा वर्षांनी कळलं. पॅनेलवर खिडकीचा उजेड पडून मागच्यांना काही दिसत नसेल तर एकदा स्वतः शेवटच्या बाकावर बसून बघा. तुमच्या स्लाइडवरची अक्षरं तिथून वाचता येत नसतील तर ती स्लाइड तुम्ही पहिल्या चार रांगांसाठी केली आहे.

आणि मग ॲप. मी तिन्ही पातळ्यांवर वापरून झालोय, म्हणून अनुभव सांगतो. सगळ्यात खाली पुठ्ठ्याची कार्डं. चार रंगांचा कार्डशीट आणायचा, तळहाताएवढे तुकडे कापायचे, अ-ब-क-ड लिहायचं आणि कोपऱ्यात भोक पाडून सुतळीत ओवायचं. एका वर्गाचा संच करायला एक रविवार लागतो आणि तो पाच वर्षं टिकतो. वीज लागत नाही, नेट लागत नाही, एका नजरेत वर्ग दिसतो. खोट एकच, मुलं शेजाऱ्याचा रंग बघून आपलं कार्ड बदलतात. म्हणून वहीत आधी लिहायचं आणि सगळ्यांनी एकदम दाखवायचं, हे दोन नियम मोडू द्यायचे नाहीत.

त्याच्या वरचं प्लिकर्स. यात प्रत्येक मुलाकडे काळ्या-पांढऱ्या चौकटीचं एक छापील कार्ड असतं, प्रत्येकाची चौकट वेगळी. कार्ड ज्या बाजूनं वर धरलं ते त्याचं उत्तर. फोन फक्त तुमच्याकडे लागतो, तो वर्गावरून फिरवला की कुणी काय उत्तर दिलं ते नोंदलं जातं. शेजाऱ्याला चौकट वाचता येत नाही, त्यामुळे नक्कल होत नाही, आणि ज्या वर्गात निम्म्या मुलांकडे डेटा नसतो तिथं कुणी वगळलं जात नाही. तुमच्या वर्णनावरून मी तुम्हाला हेच सुचवेन. कार्डं जाड कागदावर छापा. लॅमिनेशन केलंत तर चकाकीमुळे ट्यूबलाइटखाली कॅमेऱ्याला वाचायला त्रास होतो, ते मी पैसे घालवून शिकलो.

तिसरं म्हणजे कहूटसारखी फोनवरची क्विझ, जी तुम्ही घेतलीत. त्यात जो लवकर उत्तर देईल त्याला जास्त गुण, वर पडद्यावर पहिल्या पाचांची नावं आणि ढँटॅढँ संगीत. उजळणीला, शुक्रवारच्या शेवटच्या तासाला छान. पण विचार करायला लावायचा असेल तर घड्याळाची शर्यत नेमकी आड येते. मुलं वाचायच्या आधी दाबतात. चार दिवसांत उत्साह ओसरला, कारण तीच पुढची तिघं-चौघं इथंही पहिली येऊ लागली, आता नावासकट. तीच क्विझ ठेवायची असेल तर प्रत्येक प्रश्नाचा वेळ वाढवा, गुणांची सेटिंग बंद करता आली तर करा.

तुमच्या पॅनेलला मी अडगळ म्हणत नाही. त्याचे मला तीन उपयोग खरोखर पटलेत. कोलोराडो विद्यापीठाची फेट नावाची सिम्युलेशन्स फुकट आहेत, त्यातली बरीच मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. पण ती चालवण्याआधी थांबायचं. ‘आता मी इथला रेझिस्टन्स दुप्पट करतेय, करंटचं काय होईल? कार्डं वर.’ मग बोट लावायचं. व्हिडिओचंही तसंच, निकालाच्या दोन सेकंद आधी पॉज. दुसरा उपयोग, मुलाच्या वहीतल्या उत्तराचा फोटो काढून नाव न दिसता पॅनेलवर टाकायचा आणि वर्गाला विचारायचं की यात नेमकी कुठल्या ओळीत गाडी घसरली. फोटो चुकीच्याच उत्तराचा हवा असं नाही. बरोबर टाकला तरी पाच जण त्यात चूक काढून दाखवतात, ते ऐकण्यासारखं असतं. तिसरा, त्या दिवशी पॅनेलवर जे लिहिलं ते जपून गैरहजर मुलांना पाठवणं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२०चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, ते पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घातल्याबद्दल म्हणून आपण ओळखतो. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या कोडमुळे तंत्रज्ञान शाळेत न आलेल्या मुलीच्या घरापर्यंत गेलं.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, सिलॅबस कोण पूर्ण करणार? माझ्या तासातली बारा ते पंधरा मिनिटं अशा एका प्रश्नाला जातात, मी खोटं सांगणार नाही. ती मी डिक्टेशनमधून काढली. नोट्स छापून देतो, वर्गात लिहून देत नाही. लांब डेरिव्हेशनची पहिली आणि शेवटची पायरी वर्गात, मधली घरी. बाकी पाठबळ हवं असेल तर एक आकडा जवळ ठेवा. २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण ३३.८ टक्के होतं, मुलांना करायला-बोलायला लावणाऱ्या वर्गांत २१.८. आणि हे परदेशात शे-दोनशे मुलांच्या चकचकीत वर्गांतच होतं असं कुणी म्हणालं, तर २०१३ सालचा आपल्या पवईच्या आयआयटीतला अभ्यास सांगा. तिथं कोडिंगच्या पहिल्या कोर्सच्या भल्यामोठ्या वर्गात ‘आधी एकट्यानं, मग जोडीनं, मग सगळ्यांत’ ही पद्धत वापरली तेव्हा सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. वर्ग मोठा आहे ही सबब त्यानंतर मी स्वतःलाही देऊ शकलो नाही.

एका गोष्टीची मात्र तयारी ठेवा. पहिल्या महिन्यात मुलं तक्रार करतील की मॅडम शिकवतच नाहीत, आम्हालाच विचारतात. माझ्याबद्दल एचओडींकडे (विभागप्रमुखांकडे) चिठ्ठी गेली होती, निनावी, पण अक्षर ओळखीचं. २०१९ साली हार्वर्डमध्येच असं दिसलं की अशा वर्गातली मुलं चाचणीत जास्त शिकलेली निघाली आणि तरी ‘आपण कमी शिकलो’ असं त्यांना स्वतःला वाटत होतं. डोक्याला ताण पडला की तो आपल्याला अपयशासारखा वाटतो. सुरेख व्याख्यान ऐकताना सगळं गुळगुळीत आत गेल्यासारखं वाटतं. मी आता पहिल्याच आठवड्यात हे मुलांना सांगून टाकतो, दोन बल्बांच्या पहिल्या आणि दुसऱ्या फेरीचे अंदाजी आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून. पुन्हा चिठ्ठी गेली नाही. निदान मला कळली नाही.

उत्तर कोण देणार, यावरही थोडं. चर्चेनंतर कुणाला उठवायचं ते मी ठरवत नाही. बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्यात हजेरी क्रमांकाच्या चिठ्ठ्या आहेत, त्यातली एक निघते. उठलेल्यानं ‘मला असं वाटतं’ म्हणायचं नाही, ‘आमच्या बाकाला असं वाटतं’ म्हणायचं. चूक निघाली तर ती बाकाची. एवढ्यानं लाजणाऱ्या मुलांचा निम्मा भार उतरतो. आणि चूक उत्तर आलं की तोंडातून ‘चूक’ हा शब्द जाऊ द्यायचा नाही, ‘असं तुम्हाला कशावरून वाटलं?’ हेच विचारायचं. गंमत म्हणजे बरोबर उत्तरालाही तेच विचारायचं. नाहीतर आठवड्याभरात मुलांना कळतं की मॅडमनी ‘कशावरून’ विचारलं म्हणजे आपलं चुकलंय.

तर तुम्ही येत्या सोमवारपासून काय कराल, ते एवढंच धरा. दप्तरं खिडकीखाली. एका आठवड्यात फक्त दोन प्रश्न, जास्त नाही. आधी वहीत अक्षर आणि कारण, मग कार्ड, मग वेगळं अक्षर असलेल्याशी भांडण, मग परत कार्ड. सुरुवात पुठ्ठ्याच्या कार्डांनी करा, जमतंय असं वाटलं तर महिन्यानं प्लिकर्स. प्राचार्यांना पॅनेल वापरताना बघायचं असेल तर त्यांना फेटच्या तासाला बोलवा आणि त्यांच्याही हातात एक कार्ड द्या. आमच्या प्राचार्यांनी दोन बल्बांना ‘अ’ दाखवलं होतं. ते सिव्हिलचे होते, त्यांना माफ.

बल्बांच्या बोर्डाबद्दल एक सावधगिरी. तो २३० व्होल्टवर चालतो, तेव्हा स्वतः तारा पिळून बनवू नका. इलेक्ट्रिकलच्या वर्कशॉपमधल्या इन्स्ट्रक्टरकडून झाकलेल्या जोडण्या, फ्यूज आणि स्विच असलेला करून घ्या. एलईडी बल्बांवर हा प्रयोग होत नाही, फिलामेंटचेच हवेत. १०० वॅटचा आता मोठ्या दुकानांत मिळत नाही. बाजारपेठेतल्या जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारा, किंवा पोल्ट्रीचं सामान विकणाऱ्याकडे, पिल्लांना ऊब द्यायला ते अजून ठेवतात. दोन घेऊन ठेवा, एक हमखास वर्गात नेताना फुटतो.